दिवा सोबत घेऊ नका

निघण्याआधी एक अट. टॉर्च, कंदील, काडेपेटी, मोबाइल, उजेड देणारं काहीही सोबत घ्यायचं नाही. तुम्ही जिथे जाल तिथे संध्याकाळ असेल, पहिला दमदार पाऊस नुकताच पडून गेलेला असेल आणि जमिनीतून लाखो पंख वर येत असतील. हातात उजेड असला तर ते सगळे तुमच्यावरच येतील आणि बाकी काही दिसणार नाही. शहर एकच, नागपूर. ऋतूही एकच, मृगाचा. बदलत जातील ती सालं आणि माणसांच्या घरातले दिवे. चला.

1702 : नाग नदीचा काठ

तुम्ही चिखलात उभे आहात. उन्हाळाभर भेगाळलेली काळी माती पाणी पिऊन फुगली आहे. पाऊल उचललं की शेरभर माती सोबत येते. पश्चिमेला सीताबर्डीच्या दोन टेकड्या ओळखू येतात, पण त्यांच्यावर किल्ला नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 12 वाड्या एकत्र आणून इथे नगर वसवायला घेतलं आहे. सध्या दिसतात त्या कुडाच्या भिंती, गवती छपरं आणि मधूनमधून मोह, पळस.

पाऊस थांबला आहे, वाराही पडला आहे. समोरचं वारूळ तुमच्या कमरेच्याही वर आलंय. त्याच्या बुडाशी वाळवीच्या कामकऱ्यांनी आतून बारीक चिरा पाडल्या आहेत आणि चिरांच्या तोंडाशी मोठ्या डोक्याचे शिपाई पहाऱ्याला आलेत. त्यांच्यामधून ते बाहेर पडतात : तपकिरी अंग, अंगाहून कितीतरी लांब धुरकट पंख. आधी दोनचार, मग एकमेकांना ढकलत, थव्यानं. डुगडुगत हवेत चढतात. आयुष्यात पहिल्यांदाच उडतायत, आणि हेच उड्डाण शेवटचंही आहे.

एक अलगद पकडा. उजेड आहे तोवर नीट पाहून घ्या. चार पंख, चारही जवळजवळ सारख्या लांबीचे. मिशा सरळ आणि मणीदार. कंबर जाड, छाती कुठे संपली आणि पोट कुठे सुरू झालं ते कळत नाही. ही वाळवी, इकडच्या बोलीत उदई. आता पलीकडच्या दगडाखालून निघालेला दुसरा जीव पाहा. पुढचे पंख मोठे, मागचे लहान. मिशा कोपरात वाकलेल्या. कंबर अगदी बारीक. ही मुंगी. दोघींची उड्डाणं एकाच ऋतूत, कधी एकाच संध्याकाळी होतात, म्हणून माणसं दोघींनाही उडत्या मुंग्या म्हणून मोकळी होतात. वंश मात्र वेगळे. मुंगी गांधीलमाशीच्या कुळातली, वाळवी झुरळाच्या. हा फरक लक्षात ठेवा, 300 वर्षांनी कामी येईल.

सगळ्या वारुळांनी आजचाच मुहूर्त कसा धरला? जमीन मऊ झाली आहे, नव्या जोडीला बीळ खणता येईल. हवा दमट आहे, नाजूक अंग सुकणार नाही. आणि आसपासची सगळी वारुळं एकदमच उघडली तर दुसऱ्या घरातला जोडीदार मिळेल. चौथं कारण तुमच्या डोक्यावर घिरट्या घालतंय. कोतवाल, पाकोळ्या, अंधार पडेल तशी वटवाघळं. खाली बेडूक, सरडे. सगळ्यांची पोटं तुडुंब भरतात, तरी पंख येतच राहतात. एका वेळी इतक्या संख्येनं निघायचं की खाणाऱ्यांनी थकून जावं, एवढाच त्यांचा बचाव.

वाचलेले जमिनीवर उतरतात. अंगाला एक झटका, आणि बुडाशी आधीच आखलेल्या रेषेवर पंख तुटून पडतात. मादी पोटाचं टोक उंचावून गंध सोडते, नर तिच्या मागे लागतो आणि दोघं एकामागे एक चालत ओली फट शोधतात. मुंग्यांमध्ये नराचं काम मिलनापाशीच संपतं, तो मरतो. वाळवीचा राजा राणीबरोबर जमिनीत जातो आणि उरलेलं आयुष्य तिच्या शेजारी काढतो. अशा जोड्यांपैकी फार थोड्या तगतात. जी तगेल तिची राणी पुढे अनेक वर्षं, ऐन भरात आल्यावर दिवसाला हजारो अंडी घालील.

वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या आहेत. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत हे पंखवाले किडे खाण्याची रीत जुनी आहे. खापरावर भाजायचे, सुपात पाखडून पंख उडवायचे, मीठ लावायचं. खाऊन पाहा, खमंग आणि तेलकट आहे. थोड्या दिवसांनी याच वारुळावर अळंबी उगवतील, कारण ही वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते. विहीर कुठे खणायची हेही वारूळच सांगतं अशी समजूत आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकातच बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्याच्या खुणा देताना वारुळांचा हिशेब मांडून ठेवला होता.

आता झोपडीत डोकावा. चुलीत निखारे आहेत, धूर आहे. पंखवाला किडा जवळजवळ एकही नाही. आत यावं असं त्याला इथे काही दिसतच नाही.

1800 : महाल

शंभर वर्षं पुढे या. नागपूर आता भोसल्यांची राजधानी आहे. गादीवर दुसरे रघुजी आहेत. तुम्ही महालातल्या एका वाड्याच्या चौकात उभे आहात. जुम्मा तलावावरून ओला वारा येतोय.

खांब पाहा. सागवानी, हाताला गुळगुळीत, आणि प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा. हा थाट नुसता शोभेचा नाही. सागाच्या गाभ्यातली द्रव्यं वाळवीला नकोशी असतात आणि दगडामुळे लाकडाचा मातीशी संबंध तुटतो. वाळवीला वर चढायचंच असेल तर दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं, आणि ती नळी झाडणाऱ्या बाईच्या नजरेला पडते. वास्तुशास्त्राच्या पोथीत काय लिहिलंय ते असो, सुताराला हे ठाऊक आहे.

माडीवर कारकुनाची बैठक आहे. मोडीतले कागद रुमालांत घट्ट बांधून फडताळात रचलेत, मधे वेखंडाचे तुकडे. कारकून उजेड असतानाच लेखणी खाली ठेवतो. जेवणंही दिवेलागणीआधी उरकली आहेत.

चौकात समई लागते. जवसाचं तेल, दोन वाती. एवढ्याशा उजेडाकडेही पहिली पाखरं येऊन पोचली. एक ज्योतीत जळतं, एक तेलात पडतं. सून फुंकर मारायला वाकते, तोच ओटीवरून आजींचा आवाज येतो.

"तिन्हीसांजेला दिवा मालवतात का कुठे? उचल ती समई आणि वृंदावनापाशी नेऊन ठेव."

सून समई अंगणात नेते. थव्यानं चौकाकडे वळलेली पाखरं तिच्या मागोमाग बाहेर जातात आणि तुळशीभोवती फिरू लागतात. घरात काळोख. लक्ष्मीचाही मान राहिला आणि अंथरुणंही स्वच्छ राहिली. दिवा बंद करता येत नसेल तर तो बाहेर न्यावा, हा उपाय तुम्ही परत जाताना सोबत घेऊन जाल.

1850 चं दशक : टाकळी

गावाबाहेर वायव्येला चालत चला. ही टाकळी, आज शहरात मिसळून गेलेली. उकरलेल्या खडकापाशी एक स्कॉटिश पाद्री वाकून बसला आहे. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला. शाळा काढणं आणि धर्मप्रचार हे त्याचं काम. उरलेल्या वेळात, सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह, तो दगड फोडतो.

या दगडात एक तळं गाडलं गेलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते, तेव्हा दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे गोडं पाणी साचलं. त्याच्या गाळात शिंपले, गोगलगायी, झाडांची फळं आणि बिया दगड होऊन राहिल्या. हिस्लॉपच्या तळहातावरची खपली नीट पाहा, नखाहून लहान. भुंगेऱ्याच्या पंखावरचं कवच. नागपूरच्या या कीटक-जीवाश्मांचं वर्णन 1860 मध्ये अँड्र्यू मरे यांनी लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात छापलं.

टाकळीच्या तळ्यावर वाळवी उडत होती की नाही, हे या खपलीवरून ठरत नाही. जगात मात्र ती तोवर पुरती जुनी झाली होती; तिचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे 13 कोटी वर्षांचे आहेत. गुजरातेतल्या लिग्नाइटच्या खाणींत सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीची राळ सापडली, तिच्यात वाळवी आणि मुंग्या दोन्ही अडकलेल्या आहेत. सूर्य बुडाला की वर आभाळ उजळ आणि खाली जमीन काळी, हा एकच नियम त्या कोट्यवधी वर्षं पाळत आल्या. रात्री खालून उजेड येतो ही गोष्ट त्यांच्या अनुभवात नव्हती. ती माणसानं आणली, आणि तीही अगदी काल.

हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 पासून शहरात आहे. अंधार पडतोय. त्याचा नोकर कंदील पेटवायच्या आत निघा.

1887 : सिव्हिल लाइन्स

नागपूर आता मध्य प्रांताची राजधानी आहे. रेल्वे आली. जमशेटजी टाटांनी तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढून एम्प्रेस मिल उभी केली. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, ती सुरू झाली. आणि घराघरांत रॉकेल आलंय.

साहेबाच्या बंगल्यात जेवण मांडलंय. काचेच्या चिमणीचा मोठा दिवा टेबलाच्या मधोमध. समईच्या मानानं केवढा उजेड! दारं सताड उघडी, कारण उकाडा मरणाचा आहे. दारांना वाळ्याच्या ताट्या, दिवसभर पाणी मारून ओल्याचिंब. पाऊस थांबतो आणि दहा मिनिटांत सूप दिसेनासं होतं. मेमसाहेब उठून उभी राहते. खानसामा शांतपणे मणी लावलेली जाळीची झाकणं पेल्यांवर ठेवतो आणि दिवा व्हरांड्यात नेतो. हे त्यानं दरसाल केलंय.

टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत, ट्रंका विटांवर चढवल्यात. चालणाऱ्या मुंग्यांना पाण्याची वाटी अडवते, उडणाऱ्यांना अडवत नाही. साहेबाचं लक्ष टेबलावर आहे. तुम्ही दाराच्या चौकटीकडे पाहा. ताटीचं पाणी जिथे महिनोन् महिने निथळतं, तिथे लाकडावर मातीची एक बारीक रेघ चढत आली आहे. तिच्याकडे अजून कुणाचं लक्ष नाही. ही चौकट लक्षात ठेवा.

1956 : धंतोली

विजेचा दिवा आला. पिवळा बल्ब, पत्र्याची शेड, लोंबती वायर. घर सचिवालयातल्या एका कारकुनाचं. नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी आहे, पण राज्यपुनर्रचनेच्या चर्चेत तो मान जाणार हे सगळ्यांना दिसतंय. 1 नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जाईल. तूर्त बाबूजींच्या खोलीत कागदच कागद आहेत, भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात दोरीनं बांधलेले गठ्ठे.

सरी थांबल्या. बल्बभोवती पहिली पाखरं.

"काय पाहून राहिले तुम्ही? ती परात द्या ना इकडे," आजी तुम्हाला म्हणतात. पाहुणा असला तरी सुटका नाही.

बाहेरच्या पडवीत बल्ब आहे. त्याखाली परात, परातीत पाणी. घरातले सगळे दिवे बंद. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब हलतं आणि पाखरं त्यावर उतरून पंख भिजवून बसतात. अर्ध्या तासात परात भरते.

"मुंगीला पंख फुटले का मरण आलंच म्हणून समजा," आजी निकाल देतात. बहुतेकांच्या बाबतीत तो खराच आहे. पण या थव्यातली जी एखादी मादी आज रात्री ओल्या मातीत शिरेल, ती घरातल्या कित्येक गुराढोरांपेक्षा जास्त जगेल.

मग बाबूजींच्या खोलीतून हाक येते. तिथे अंधार आहे, खिडकी सकाळपासून बंद आहे, तरी फरशीवर पंखांचा सडा पडलाय.

"खिडकी लावून होती ना? मग हे कुठून येऊन राहिले?"

आजी गप्प होतात. पडवीतल्या हजारोंना त्या घाबरल्या नव्हत्या, या मूठभर पंखांनी त्यांचा चेहरा बदलला. बाबूजी कपाट पुढे ओढतात. मागच्या भिंतीवर जमिनीपासून मातीची नळी चढलेली, पेन्सिलीएवढी जाड. चौकटीत बोट दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत जातो, आत पोकळ. सगळ्यात खालचा गठ्ठा उचलला तर वरचा कागद शाबूत आणि खाली माती.

इथे थोडं थांबा, कारण सगळ्या प्रवासातली कामाची गोष्ट हीच आहे. पंखवाली वाळवी लाकूड खात नाही, कागदही नाही. खातात ते पंख नसलेले, आंधळे, पांढुरके कामकरी, जे कधी दिव्यापाशी येत नाहीत. नव्या जोडीच्या वारुळातून पंखवाले निघायला काही वर्षं लागतात. म्हणजे पंख घराच्या आतून निघाले, तर आजची संध्याकाळ ही सुरुवात नव्हे. कुटुंब कधीच वसलंय, मोठं झालंय, आणि आता त्यातली पोरं वेगळी निघाली आहेत.

बाबूजी नळी खरवडतात, रॉकेल ओततात, उद्या डांबर आणू म्हणतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे सरकतं आणि यापुढे तिथेच राहील. ओल कुठून येते, ते मात्र कुणी पाहत नाही. न्हाणीघर त्याच भिंतीपलीकडे आहे.

1985 : सदर

कोराडीच्या वीजकेंद्राचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. घरात ट्यूबलाइट आली आणि रस्त्यावर निळसर पांढरे मर्क्युरी दिवे. किड्यांचे डोळे अतिनील आणि निळ्या प्रकाशाला फार तयार असतात, आणि मर्क्युरीच्या दिव्यात तो भरपूर. चौकातल्या खांबाकडे मान वर करून बघा. दिव्याचा गोळा दिसत नाही, नुसते पंख फिरतायत. खाली बेडकांची रांग, फाटकाच्या भिंतीवर पाली. सकाळी दुकानदार शटर वर करण्याआधी टोपलीभर पंख झाडतो आणि कावळे उरलेलं उचलतात.

घरात टीव्ही चालू आहे. "अरे बाप्पा, ट्यूब बंद करा आधी!" म्हणून मामाजी ओरडेपर्यंत पाखरं भाजीच्या पातेल्यात पोचतात. तेवढ्यात लाइट जाते. महावितरणाचा जन्म व्हायचा आहे, शिव्या वीज मंडळाला पडतात; पाखरांचा प्रश्न मात्र त्याच क्षणी मिटतो.

वाळवीवरचं औषध याच काळात जालीम होतं. पाया भरताना मातीत अल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ओततात. काम चोख होतं, पण ही विषं मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि अन्नसाखळीतून चढत जातात. 2001 च्या स्टॉकहोम करारानं जगभर हटवायच्या पहिल्या डझनभर विषांत ही तिन्ही नावं घातली.

आज : वर्धा रोड

आता घरी या. खिडकीबाहेर डबलडेकर उड्डाणपूल, त्यावरून मेट्रो जातेय. पाऊस थांबलाय. हॉलमध्ये एलईडीचे सहा दिवे लागलेत आणि पांढऱ्या छताला पंख आपटतायत. कुणीतरी फवाऱ्याचा डबा शोधतंय. तुम्ही 300 वर्षं फिरून आलात, तेव्हा आधी त्याचा हात धरा.

बंद खोलीत मारलेला फवारा तुमच्या नाकातोंडात, ताटात आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला जाईल. बाहेरच्या थव्यावर त्याचा काही परिणाम नाही. दिवा लागलेला आहे तोवर नवे येतच राहतील. ते का येतात यावर 2024 मध्ये सॅम्युअल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी किडे टिपून उत्तर दिलं. उडणारे अनेक किडे उजेडाकडे पाठ करून उडतात, कारण निसर्गात उजेड म्हणजे आभाळ आणि आभाळ म्हणजे वर. दिवा बाजूला आला की पाठ तिकडे वळते, तोल कलतो आणि ते घिरट्यांत अडकतात. म्हणजे तुमच्या हॉलवर चाल करून आलेलं कुणी नाही. वाट चुकून अडकलेले जीव आहेत.

म्हणून वृंदावनापाशी नेलेली समई आणि पडवीतली परात आठवा. हॉलचे दिवे बंद करा, पडदे ओढा. बाल्कनीत एकच दिवा लावा, खाली रुंद भांड्यात पाणी ठेवा. अर्धा-पाऊण तास दम धरा. थवा बहुधा तेवढ्यात ओसरतो. आत राहिलेले उद्या सकाळी झाडूनं किंवा व्हॅक्युमनं निघतील. कोरड्या घरात त्यांचा निभाव लागत नाही. खिडक्यांना बारीक जाळी असली तर एवढंही करावं लागणार नाही. बाहेरचे दिवे पिवळसर उजेडाचे घेतलेत तर पाखरं कमी येतील.

नागपूरकरांची एक खिडकी मात्र उघडीच असते. कूलरची. उन्हाळाभर तो खिडकीत बसतो, बाजूच्या फटी पुठ्ठ्यानं नाहीतर थर्माकोलनं बुजवलेल्या असतात आणि जूनच्या पहिल्या पावसात कूलर निघायचा असतो किंवा नुकताच निघालेला असतो. पाखरं तिथूनच शिरतात. त्याच खिडकीखाली चार महिने पाणी ठिबकलंय. 1887 ची चौकट आठवली? ताटीच्या जागी कूलर आला, ओल तिथेच राहिली.

सकाळी पंख झाडताना ते कुठे पडलेत ते पाहा. दिव्याखाली आणि उघड्या खिडकीपाशी असतील तर पाहुणे होते, गेले. बंद खोलीत, चौकटीच्या बुडाशी, फरशीच्या फटीशी किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून ढीग असेल तर थांबा. एखादा किडा उचला. कंबर जाड आणि पंख सारखे असले तर मातीच्या नळ्या शोधा, चौकटी ठोकून बघा, कपाटं पुढे ओढा. नळी सापडली तर नुसती खरवडून समाधान मानू नका, कामकरी दुसरीकडून वाट काढतील. आधी ओल बंद करा : गळका पाइप, ठिबकता कूलर, भिंतीला टेकलेली कुंडी. मग जाणकार माणसाला बोलवा. भारतीय मानक 6313 मध्ये उभ्या घरांसाठी वेगळा भाग आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फूटभर अंतरानं छिद्रं पाडून जमिनीत औषध सोडायचं, अशी त्याची रीत. येणारा माणूस छिद्रं न पाडता कोपऱ्यात नुसता फवारा मारून निघाला, तर पैसे देण्याआधी विचारा. नवीन घर घेत असाल तर पाया भरताना वाळवीचं काम झालं होतं का, याचा कागद बिल्डरकडे मागा.

बाहेरून येतात त्यांच्यासाठी दिवा मालवणं पुरतं. आतून निघतात त्यांच्यासाठी हातोडी, प्लंबर आणि थोडा खर्च लागतो. पहिल्यांवर आपण डबेच्या डबे औषध मारतो आणि दुसऱ्यांकडे चौकट कोसळेपर्यंत पाहत नाही. या वर्षी उलट करा. कूलर काढाल त्याच दिवशी त्या खिडकीचं लाकूड बोटानं दाबून बघा.